जून झालं म्हणून काय झालं!

दिवाळीच्या आधी दहा-बारा दिवस होटगीहून आत्तीचा फोन येतो. वाक्य दरवर्षी तेच असतं. "वेल उतरायलाय. उपटायच्या आत येऊन जा. नंतर म्हणू नको, सांगितलं नाही म्हणून."

वेल उतरतो म्हणजे मांडवावरून खाली येत नाही. बुडाकडची पानं पिवळी पडून करपतात. शेंड्याला फुलं येतात पण धरत नाहीत, आणि जी फळं धरतात ती वाकडी, एका टोकाला फुगलेली, दुसऱ्या टोकाला शेपटासारखी. पानांच्या आड राहून गेलेला एखादा दोडका एव्हाना हातभर झालेला असतो. मंडईत असला माल कुणी हातात घेणार नाही. आत्ती मात्र या पंधरवड्यात याच मालावर स्वयंपाक करते आणि तो खायला मी पुण्याहून जातो. या जेवणाला नाव नाही. हुरड्याला नाव आहे, भोगीच्या भाजीला आहे, येळवशीच्या जेवणाला आहे. परस सरताना चुलीवर जे शिजतं त्याला 'केलंय काय तरी, बस' एवढंच म्हणतात.

होटगी सोलापूरपासून पंधराएक किलोमीटरवर, दक्षिण सोलापूर तालुक्यात. रस्त्यानं गेलात तर आधी विमानतळ लागतो, मग सिद्धेश्वर कारखाना. विमानांच्या वाटेत येते म्हणून त्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली. सवयीनं नजर अजून ती शोधते. रेल्वेनं गेलात तर जंक्शनवर उतरायचं. इथून एक मार्ग वाडीकडं जातो, दुसरा विजापूरवरून गदगकडं. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानं या मुलखात धान्य पोचवण्याचे हाल सरकारच्या लक्षात आणून दिले. त्यानंतर जे मार्ग आखले गेले त्यातला होटगी–गदग मार्ग १८८४ मध्ये सुरू झाला. "दुष्काळानं दिलेलं जंक्शन हाय हे," असं आत्तीच्या शेजारचे अण्णा सांगतात. अण्णांची सगळी नोकरी रेल्वेत गेली, त्यामुळं त्यांच्याकडं कुठल्याही गोष्टीची सुरुवात रुळांपासून होते. वांग्यावरची कीड विचारली तरी.

आत्तीचा परस मोठा नाही. घराच्या मागं न्हाणीपासून कुंपणापर्यंत तीस-बत्तीस पावलं लांब आणि दहा पावलं रुंद असा काळ्या मातीचा पट्टा. न्हाणीचं पाणी चरातून आधी अळवाला आणि केळीला जातं, तिथून पुढं उरलं तर वांग्यांना. मांडव दोन, एक दोडक्याचा आणि दुसरा घोसाळी-दुधीचा. कडेनं गवार, भेंडी, चार-सहा मिरच्या, टोमॅटोची गुंतागुंत, तांबड्या भोपळ्याचा वेल कोठीच्या पत्र्यावर चढलेला, आणि कुंपणालगत माणसाच्या डोक्यावर गेलेली अंबाडी. वाल आणि पावटा यांना आत्ती या दिवसांत हात लावत नाही. दिवस लहान व्हायला लागले की मग कुठं ते फुलावर येतात. त्यांची पाळी पौषात.

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. म्हणून इकडं मृगापेक्षा हस्ताकडं जास्त डोळे लागलेले असतात. हस्त बरसला की त्या ओलीवर मालदांडी ज्वारी पेरायची. ती मग पुढचा सगळा हिवाळा खालच्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर निभावते. परसातल्या वेलांना हे जमत नाही. ऑक्टोबरचं ऊन चढलं की दोडक्याच्या बुडाशी भेगा पडायला लागतात, आणि दसरा झाला की घरातलं चांगलं पाणी रानाकडं वळतं. परसाला उरतं ते न्हाणीचं.

माझी एक मावसबहीण न्यू जर्सीत राहते. तिच्याही मागच्या अंगणात टोमॅटो, मिरच्या आणि हट्टानं लावलेला एक दोडक्याचा वेल असतो. तिकडं हंगाम एका रात्रीत संपतो. पाणी गोठवणारी पहिली रात्र येणार असं हवामान खात्यानं सांगितलं की ती संध्याकाळी विजेरी घेऊन सगळं कच्चं-पक्कं ओरबाडून आणते आणि टोपलीभर हिरव्या टोमॅटोंचं काय करायचं म्हणून आत्तीला फोन लावते. आत्तीचं उत्तर ठरलेलं: तेलात परतून तीळ, दाणे, लसूण, मिरची घालून वाटायचे. उरलेले कागदात गुंडाळून एका पिकल्या केळ्याबरोबर खोक्यात ठेवायचे. केळ्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूनं ते आपोआप रंग धरतात. होटगीत टोमॅटोचं झाड थंडीनं मरत नाही, तहानेनं वाळतं, आणि त्याला महिनाभर लागतो. या महिनाभरात रोज थोडं थोडं काहीतरी जून होत असतं. न्यू जर्सीच्या अंगणात सरत्या हंगामाचा अर्थ हिरवं कच्चं उरणं असा आहे, आमच्याकडं तो जून होऊन उरणं असा. म्हणून आमच्याकडच्या बायकांची सगळी अक्कल जून माल शिजवण्यात लागली. कोवळी भेंडी कुणालाही करता येते.

अण्णा इथं एक गोष्ट जोडतात. अर्थातच रुळांवरची. १९३३ च्या सुमारास या लोहमार्गाच्या एका अंगाला सोलापुरात आणि दुसऱ्या अंगाला विजापुरात कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रं सुरू झाली. रावबहादूर ना. वि. कानिटकर हे त्या कामातलं मोठं नाव. बांध घाला, बी विरळ पेरा, ओळीत अंतर ठेवा, आणि कोळपी पुन्हा पुन्हा फिरवून जमिनीचा वरचा थर भुसभुशीत ठेवा म्हणजे भेगांतून ओल उडत नाही, हा त्या पद्धतीचा गाभा. आत्तीनं कानिटकरांचं नाव ऐकलेलं नाही. पण दर चार दिवसांनी ती खुरपं घेऊन वांग्यांच्या बुडाशी बसते आणि भेगा बुजवते, वर उसाचं पाचट अंथरते. "पाणी घालायला नसलं की खुरपं घालायचं," म्हणते.

तर दोडका. आत्तीच्या घरात एका दोडक्याची तीन वयं मानतात. कोवळा दोडका सालीसकट. मधल्या वयाचा शिरा काढून. शिरा म्हणजे दोडक्याच्या अंगावरच्या धारा. त्या विळीवर खरवडून काढायच्या, टाकायच्या नाहीत. लोखंडी तव्यावर थोड्या तेलात त्या कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या. धीर हवा, घाईनं आच वाढवली की बाहेरून काळ्या आणि आतून ओल्या राहतात. मग तीळ, सुकं खोबरं, लसूण, लाल तिखट, मीठ आणि खलबत्त्यात जाडसर कुटायचं. भाजी एक वेळची, चटणी चार दिवसांची. आत्तीच्या मते दोडका लावायचा तो चटणीसाठी, भाजी हा त्याचा जोडधंदा.

तिसरं वय खरं अवघड. आत्ती फळ हातात घेऊन आधी वजन बघते. लांबीच्या मानानं हलकं लागलं तर आत जाळी धरली. ते स्वयंपाकातून बाद. जड असेल तर नख लावून बघायचं. नख रुतलं पण साल कडक लागली तर अजून वाचवता येतं. सोलायचं, उभं चिरायचं, मधला बियांचा भाग काढायचा आणि उरलेला गर किसायचा. हा कीस पिळायचा नाही. त्यात ज्वारीचं पीठ, मूठभर बेसन, तीळ, ओवा, हिरवी मिरची आणि लसूण ठेचून घालायचं. पाणी जवळजवळ लागतच नाही, कीसच पाणी सोडतो. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकायचं. हे धपाटं कडेला कुरकुरीत आणि मधे लुसलुशीत होतं, आणि जून दोडक्याला जो हलका गोडवा येतो तो कोवळ्यात कधी सापडत नाही. सोबत शेंगाची चटणी आणि दही. मागच्या खेपेला मी पाच खाल्ली, सहावं आत्तीनं न विचारता वाढलं.

यात एक नियम मोडायचा नाही. चिरण्याआधी देठाकडची चकती काढून जिभेला लावायची. कडू लागली की फळ सरळ कचऱ्यात. शिजवून, गूळ घालून, मिठात ठेवून कडूपणा जात नाही. गेल्या साली पुण्यात मी ही चकती चाखायला विसरलो. आत्तीनं दिलेले सात दोडके एकत्र चिरले, त्यातला एक कडू निघाला आणि सगळं पातेलं ओतावं लागलं. जीव हळहळला, पण ओतलं हे बरं केलं. दोडका, दुधी, काकडी ही सगळी एका कुळातली. त्यांच्यात क्युकरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात आणि झाडाला पाण्याचा ताण पडला की ती वाढू शकतात, म्हणजे नेमकी या दिवसांत. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली होती. २०१२ मध्ये तिचं म्हणणं छापून आलं. कडू लागला तर रस पिऊ नका, हाच त्याचा सांगावा होता. आत्तीच्या सासूबाईंनी तो समितीशिवाय सांगितला होता.

गवारीपाशी आलं की आमच्या घरात भाषेचं भांडण निघतं. आत्तीची सासर-बाजू घरात कानडी बोलते. कानडीत गवारीला 'चवळीकाई' म्हणतात. लग्न होऊन आली त्या आठवड्यात सासूबाईंनी तिला परसातून चवळीकाई तोडून आणायला सांगितलं आणि ही कुंपणभर चवळीचा वेल शोधत फिरली. चवळीला कानडीत अलसंदी म्हणतात हे कळायला तिला दोन दिवस लागले. ही गोष्ट मी तिसाव्यांदा ऐकतोय, पण शेजारच्या अव्वा आल्या की ती पुन्हा होते, आणि अव्वा दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारख्या हसतात.

जून गवारीच्या शेंगेला दोन्ही कडांनी दोर सुटतो. तो ओढून काढायचा, शेंग मोडायची. मोडत नसेल आणि वाकत असेल तर फक्त दाणे घ्यायचे. या दाण्यांत डिंक असतो. त्याच डिंकासाठी जगात गवारीला भाव आहे. अमेरिकेत जमिनीच्या पोटातून तेल आणि वायू काढताना जे पाणी दाबानं खाली सोडतात ते घट्ट करायला गवारीचा डिंक लागतो. त्या मागणीनं २०१२ मध्ये राजस्थानच्या गवारीचा भाव असा काही उसळला की वायदेबाजारातले व्यवहार थांबवावे लागले. होटगीच्या परसातल्या ओंजळभर दाण्यांचा त्या बाजाराशी संबंध नाही, पण गुण तोच. तूरडाळीबरोबर शिजवून, काळं तिखट आणि दाण्याचं कूट घालून जी आमटी होते ती गार झाली की पळीला धरून राहते. भाकरीवर ती वाहत नाही, बसते. फार उरली गवार तर बोटभर तुकडे मिठाच्या पाण्यात वाफवून पत्र्यावर वाळवायची; उन्हाळ्यात तेलात तळली की तोंडी लावायला होते.

वाळूक याच दिवसांत रानातून येतं, परसातून नाही. तुरीत-बाजरीत पेरलेलं असतं. पिकलं की फुटतं आणि वासानं घर भरतं. जून काप मीठ लावून वाळवायचे. भेंडीचं मात्र काही होत नाही. जून भेंडी म्हणजे जून भेंडी; तिचं बी धरायचं आणि बाकीची म्हशीला घालायची.

आता अंबाडी, जिच्यासाठी मी खरा जातो.

सोलापूरच्या मंडईत अंबाडीची एक जुडी चार नावांनी विकली जाते. मराठी बाई अंबाडी मागते, लिंगायत घरातली पुंडी मागते, विणकर पद्मशाली वस्तीतली तेलुगू बाई गोंगुरा मागते आणि मुसलमान घरातली अंबाडा. विकणारीला चारही कळतात, भाव एकच सांगते. मागणारी काय करणार हेही तिला ठाऊक असतं. गोंगुरावाली पानं तेलात परतून लाल मिरचीबरोबर वाटणार, पुंडीवाली त्यात ज्वारी घालणार.

परसातली अंबाडी पावसाळाभर वरवर खुडून खायची असते. पण तिला दिवस लहान झाल्याचं बरोबर कळतं. ऑक्टोबरात ती फुलावर येते. फिकट पिवळं फूल, आत गर्द तांबडा डोळा; एक दिवस राहतं आणि मिटतं. फुलं आली की पानं बारीक आणि विरळ होतात, दांडा लाकडासारखा. ही शेवटची पानं सगळ्यांत आंबट. शहरी माणसाला ती आवडत नाहीत. आत्ती म्हणते, पुंडी खावी तर हीच.

ती करते कशी ते मी चुलीजवळ बसून पाहिलं. पानं देठापासून ओरपून काढली, दोनदा धुतली. पातेलं कल्हईचं, आंबट भाजी अॅल्युमिनियमच्या भांड्यात ती करत नाही. पानं उकळून पहिलं पाणी ओतून दिलं आणि हातानं पिळलं. दुसऱ्या चुलीवर तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्या शिजत होत्या. या कण्यांना कानडीत नुच्चु म्हणतात, आणि त्या बाजारच्या नव्हेत. दळताना जातं सैल सोडून काढलेल्या, पाखडून वेगळ्या केलेल्या. पानं त्यात मिसळली, हिरव्या मिरच्या ठेचून घातल्या, चवीला मीठ. मग पळीच्या पाठीनं घोटायला सुरुवात केली. हे घोटणं तिनं दहा मिनिटं तरी केलं. पान दिसेनासं झालं, कण्या तेवढ्या डोळ्यांना लागायच्या. लोखंडी पळीत करडीचं तेल तापवलं, त्यात ठेचलेला लसूण तांबूस होऊ दिला आणि पळी तशीच भाजीत बुडवली. जो आवाज झाला त्यानं पलीकडच्या अव्वा कुंपणावरून विचारत्या झाल्या, "पुंडी पल्ल्या मा‌डिदेन?" वाटी घेऊन त्या आल्याही.

ताटात गरम ज्वारीची भाकरी, भाजीच्या मधे खळगा करून त्यात करडीचं कच्चं तेल, कांदा बुक्कीनं फोडलेला. आंबट, तिखट, मग ज्वारीचा गोडसर कण दाताखाली. करडईच्या तेलाला एक रानटी वास असतो. शेंगदाण्याच्या तेलात ही भाजी चालते, पण ती मग पुण्याची होते. हे माझं मत. अव्वांचं मत असं की दुसऱ्या दिवशीची शिळी पुंडी कडक भाकरीबरोबर खाल्ली नाही तर पहिल्या दिवशी खाल्लेली फुकट. कडक भाकरी म्हणजे सोलापूरची खास, पापडासारखी वाळवलेली, महिनाभर टिकणारी.

पानं संपली की बोंडं. तांबड्या, मांसल वाट्या, आत हिरवं बी. चिरा देऊन बी काढायचं, वाट्या मीठ-तिखट-गुळात शिजवून चटणी करायची किंवा वाळवून ठेवायची. उन्हाळ्यात सरबताला होतात. पूर्वी उरलेले दांडे पाण्यात कुजत घालून त्यांचा वाख काढायचे आणि कारहुणवीला बैलांची दावी वळायचे. आत्तीच्या घरी आता बैल नाहीत. दांडे जळणात जातात.

दुधीचं एक फळ यंदा मांडवावर तसंच राहिलंय, बुडाला रुंद, मानेला अरुंद. त्याकडं बघून अण्णांनी पंढरपूरचा विषय काढला. सरत्या हंगामाचं फळ जपून मोठं करण्याची कला याच जिल्ह्यात, पंढरपूर–मंगळवेढा भागात, धंद्याला लागली आहे. तिथले कडू भोपळे वेलावर पूर्ण जून होऊ देतात, मग वाळवतात, आणि ते मिरजेला जातात. मिरजेचे कारागीर त्यांतून तंबोरे आणि सतारी घडवतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा कोवळा असताना खुडला तर तंबोरा होत नाही, आणि जून होऊ दिला तर पोटात जात नाही. कुणी काय गमवायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं. आत्तीनं ठरवलंय की दुधीचा तुंबा करून बी साठवायचं. तंबोऱ्याला तो लहान पडतो.

गेल्या काही वर्षांत परसबागेला सरकारी दिवस आले आहेत. बचत गटांमार्फत पोषण परसबागेची मोहीम चालते, शाळांच्या परसबागांच्या स्पर्धा होतात. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांसाठी २०२० चा पद्मश्री मिळाल्यापासून बियांबद्दलही लोक आदरानं बोलतात. हे सगळं चांगलंच आहे. माझी तक्रार बारीक आहे. माझ्या पाहण्यात आलेल्या पत्रकांत गोल वाफ्यांच्या सुबक आकृत्या असतात, कोणतं जीवनसत्त्व कशात हे असतं, लावणीचा महिना असतो. वेल उतरायला लागला की काय करायचं याला अर्धी ओळही नसते. लावणाऱ्या मुलीला कोवळी भाजी मिळेपर्यंतचं सगळं शिकवतात आणि तिथं सोडून देतात. पहिला दोडका जून निघाला की ती वेल उपटते आणि मंडईत जाते. मंडईत तर जून माल येतच नाही. आला तरी दिसत नाही, तो गाडीच्या मागच्या पाटीत. म्हणून शहरात वाढलेल्या माझ्या मुलांना वाटतं की दोडक्याला एकच वय असतं.

साफसफाईचा दिवस आत्ती ठरवते, पंचांग नाही. सकाळी मांडवाच्या सुतळ्या तोडल्या. वेल ओढला तशी पानांतून धूळ आणि मुंग्या पडल्या, आणि मागं लपलेलं जे काही होतं ते उघडं झालं: तीन बोटभर दोडके, एक घोसाळं, सात वांगी, त्यातली दोन पिवळी पडलेली. मिरचीची झाडं मुळासकट उपटून पडवीत उलटी टांगली. त्यांवरच्या मिरच्या तिथंच लाल होतील. तांबडे भोपळे चार निघाले. देठ वाळून लाकडासारखा झाल्याशिवाय आत्ती भोपळा काढत नाही आणि काढताना चार बोटं देठ ठेवते. देठ मोडला की तिथून भोपळा सडायला लागतो. कोठीत गवतावर ते ठेवले. एकाचे घारगे दिवाळीत, बाकीचे संक्रांत ओलांडतात.

दुपारी त्या सगळ्या शिलकीची एकच भाजी झाली. आधी वांगी, मग घोसाळं, दोडके, गवारीचे दाणे, हिरवे टोमॅटो, भोपळ्याची एक फोड; तीळ आणि दाण्याचं कूट. भोगीच्या भाजीसारखीच, पण भोगीला वाटाणा, पावटा, सोलाणे, गाजर, बोरं असा नव्या मालाचा थाट असतो. त्याच दिवशी सोलापुरात संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांचा अक्षता सोहळा असतो आणि घरोघर तीळ लावलेली बाजरीची भाकरी. ही आश्विनातली भाजी त्या भाजीची गरीब थोरली बहीण. पिवळं वांगं कडसर लागलं. आत्तीनं ते बाजूला काढून गुपचूप स्वतःच्या ताटात घेतलं.

मांडवावर एकच फळ तिनं ठेवलं होतं, देठाला लाल चिंधी बांधलेलं. ऑगस्टमध्येच निवडलेला हा बियांचा दोडका. सरळ, दहाही धारा स्पष्ट असलेला. एक फळ पिकायला ठेवलं की वेल नवी फळं कमी धरतो हे तिला माहीत आहे, तरी ती शेवटचं वाकडं फळ बियाला ठेवत नाही. "माणूस लग्नाला मुलगी बघताना शेंड्याचीच बघतो व्हय?" तुलना मला पटली नाही, पण शेती बरोबर होती. दोडका आता भुरा, कागदासारखा हलका झाला होता. कानाशी हलवला की खुळखुळ वाजतो. खालच्या टोकाला बाटलीच्या बुचासारखं गोल टोपण असतं. पूर्ण वाळलं की ते आपोआप गळतं आणि काळ्या बिया त्या भोकातून जमिनीवर सांडतात. आत्तीनं टोपण अंगठ्यानं दाबलं, ते टक् करून निघालं. सुपात शंभरावर बिया पडल्या. राखेत घोळवून तिनं त्या कागदाच्या पुडीत बांधल्या, अर्ध्या तिला, अर्ध्या मला. उरलेल्या जाळीनं तिनं त्याच संध्याकाळी तवा घासला.

तुमच्या मांडवावर असं एखादं फळ वाळत असेल तर टोपण गळायच्या आत काढा. वेलावर कधीही कडू फळ निघालं असेल तर त्याचं बी धरू नका. बी शुद्ध हवं तर दोडका आणि घोसाळं यांचे वेल एका मांडवावर चढवू नका. कोणता वेल कशाचा हे ओळखायला सोपं आहे: दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, घोसाळ्याचं पहाटे. मृग ७-८ जूनला निघतो. आत्ती मात्र चांगला पाऊस पडून माती वाफशावर आल्याशिवाय बी टोचत नाही, आणि एका खड्ड्यात तीनच.